दोन चिठ्ठ्या आणि एक राणीछाप रुपया

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या खारघरच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तबकात दोन राणीछाप रुपये ठेवतात. नातवाने सराफाकडून आणलेलं चांदीचं नवं नाणं असतं, करकरीत नोटा असतात, पण पहिलं हळदकुंकू त्या दोन जुन्या रुपयांना. गेल्या दिवाळीत हातावर लाह्या-बत्तासे ठेवता ठेवता त्यांनी त्यातला एक मला बघायला दिला. १८६२ सालचा. एका बाजूला मुकुट घातलेली राणी, तिच्या दोन्ही अंगांना इंग्रजीत ‘व्हिक्टोरिया क्वीन’. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या वर्तुळात ‘वन रुपी इंडिया’. १८७७ पासूनच्या रुपयांवर ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आलं, म्हणजे हा त्याच्या आधीचा. टाकसाळीतून निघाला तेव्हा एक तोळा, आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. नातवाने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला, तर ११.३ भरला. बाकीची चांदी दीडशे वर्षांच्या बोटांनी नेली.

“आजी, ही राणी खरं म्हणजे जन्मायचीच नव्हती,” मी म्हणाले.

“म्हणजे काय गं?”

“हिच्या आधी दुसरीच राणी व्हायची होती. तिने एका राजपुत्राला नाही म्हटलं, दुसऱ्याशी लग्न केलं आणि पहिल्याच बाळंतपणात गेली. म्हणून ही.”

आजींनी रुपया परत घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.” मग जरा थांबून, “पण नाही म्हणाली म्हणतेस? कसं म्हणाली?”

म्हणीने बंद होऊ शकणारा विषय त्या प्रश्नाने उघडला. हा सगळा लेख त्या ‘कसं म्हणाली’मुळे झाला.

मराठी माणसाला जर-तरचा नाद जुनाच. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? जयंत नारळीकरांनी यावर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथाच लिहिली. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयाने गेले, ते आणखी वीस वर्षं जगते तर? प्रत्येक घरात हा विषय कधी ना कधी निघालेला असतो. पण आपले हे जर-तर बहुतेक रणांगणावरचे आणि पुरुषांचे. मुलगी कुणाला दिली असती तर काय झालं असतं, हे आपण इतिहासाला विचारत नाही. इंग्लंडात मात्र राजकन्यांच्या सोयरिकींवर असा खेळ हौसेने खेळला जातो. कोणती राजकन्या कुणाला दिली असती, मग तिच्या पोटी कोण आलं असतं, कोणतं राज्य कुणाकडे गेलं असतं. वंशावळी मांडून, फांद्या तोडून, नव्या जोडून. मीही त्या वंशावळींमध्ये रात्री घालवल्या आहेत. एक गोष्ट मला नेहमी खटकत आली. या खेळात मुलगी ही सोंगटी असते. ती कुठे ‘द्यायची’ एवढाच प्रश्न. तिचं स्वतःचं म्हणणं पटावर येतच नाही. आणि ज्या दोन गोष्टी मी सांगणार आहे, त्या दोन्हींत मुलीच्या म्हणण्यानेच सगळं फिरलं.

पहिली शार्लट. इंग्लंडच्या युवराजाची, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जची एकुलती एक मुलगी, जन्म ७ जानेवारी १७९६. आईबापांचं एकमेकांशी इतकं वाकडं की पोरगी दोघांच्या भांडणात वाढली. वडिलांनी तिच्यासाठी नेदरलँड्सचा राजपुत्र विल्यम ठरवला. नेपोलियनचा पाडाव होत होता, दोन्ही देशांना सोयरीक सोयीची होती. १८१४ च्या जूनमध्ये करारावर सह्या झाल्या. शार्लट तेव्हा अठरा वर्षांची. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. लग्नानंतर देश सोडून राहण्याची सक्ती नको आणि आईला आपल्या घराचं दार उघडं हवं. आईच्या बाबतीत विल्यम राजी होईना. तिने त्याला चिठ्ठी लिहून लग्न मोडलं. वडिलांनी संतापून तिची माणसं काढून टाकायला घेतली, तिला बंदोबस्तात ठेवायचं ठरवलं. तेव्हा ही भावी राणी एकटी रस्त्यावर धावत आली आणि भाड्याची घोडागाडी करून आईच्या घरी गेली. पुढे तिने आपल्या पसंतीने सॅक्स-कोबुर्गच्या लिओपोल्डशी लग्न केलं, २ मे १८१६ रोजी. लहानशा जर्मन घराण्यातला धाकटा मुलगा, पण तिला हवा असलेला.

दीड वर्षांनी ती बाळंत व्हायला टेकली. ३ नोव्हेंबर १८१७ ला कळा सुरू झाल्या, त्या दोन दिवस संपल्या नाहीत. ५ तारखेच्या रात्री मृत मुलगा जन्मला आणि ६ तारखेच्या पहाटे ती गेली. वय एकवीस. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर क्रॉफ्टने तीनच महिन्यांनी स्वतःवर गोळी झाडली.

५ नोव्हेंबर १८१७ ही तारीख मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. त्याच दुपारी खडकीच्या माळावर बापू गोखल्यांची फौज कंपनीच्या पलटणींशी भिडली आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत होते. इकडची दुपार म्हणजे तिकडची सकाळ. खडकीला तोफा धडाडत होत्या तेव्हा सरेमधल्या क्लेअरमाँटच्या वाड्यात शार्लट कळा देत होती. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. पहिल्यांदा हे दोन पंचांगांतून जुळवलं, तेव्हा मी बराच वेळ वही मिटली नव्हती.

आता यात कार्यकारण शोधायला जाऊ नये. शार्लट जगली असती म्हणून पेशवाई वाचली नसती. कोकणचा हा पट्टा तर खडकीच्याही आधी, १८१७ च्या जूनमधल्या पुण्याच्या तहातच कंपनीकडे गेला. खारघरहून लोकलने पुढच्याच स्टेशनवर उतरलं की बेलापूरच्या किल्ल्याचा उरलासुरला बुरूज आहे. चिमाजीअप्पांच्या काळात पोर्तुगीजांकडून घेतलेला तो किल्लाही त्याच साली गेला. ती घसरण कुणा राजकन्येच्या बाळंतपणावर टांगलेली नव्हती. पण दुसरं बरंच काही टांगलेलं होतं.

शार्लट गेल्यावर तिसऱ्या जॉर्जला एकही औरस नातवंड उरलं नाही. पन्नाशीचे राजपुत्र घाईने लग्नाला उभे राहिले. त्यातल्या ड्यूक ऑफ केंटने लिओपोल्डच्याच विधवा बहिणीशी लग्न केलं आणि २४ मे १८१९ रोजी व्हिक्टोरिया जन्मली. शार्लट वाचती, तर वडिलांच्या मागोमाग १८३० साली ती गादीवर बसती. १८५८ चा राणीचा जाहीरनामा, राणीचा बाग, १८८७ च्या जुबिलीचं व्हीजेटीआय, टांग्याहून ऐटबाज ती व्हिक्टोरिया गाडी, यातलं प्रत्येक नाव वेगळं असतं. खारघरहून सुटणारी हार्बरची गाडी जिथे थांबते, त्या स्टेशनला आजी अजून व्हीटीच म्हणतात. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, तरी तिकीटखिडकीवर सुद्धा त्यांच्या तोंडून व्हीटीच येतं.

नावांचं एक वेळ सोडा. विधुर लिओपोल्ड १८३१ साली बेल्जियमचा पहिला राजा झाला. शार्लटचा नवरा म्हणून तो लंडनमध्येच राहिला असता, तर त्याचं दुसरं लग्न नाही, त्या लग्नाचा मुलगा दुसरा लिओपोल्ड नाही आणि त्या मुलाने १८८५ ते १९०८ आपली खाजगी मालमत्ता म्हणून चालवलेला काँगोही नाही. रबरासाठी तिथल्या लाखो माणसांचे जीव गेले. जर-तरच्या खेळात इथे येऊन माझा हात थांबतो. कुणाच्या तरी अवघडलेल्या बाळंतपणाशी इतक्या माणसांचं नशीब जोडलेलं असावं, हे मांडतानाही जड जातं.

हे सगळं मी आजींना सांगितलं. त्यांनी काँगोचं ऐकून डोळे मिटले, आणि मग म्हणाल्या, “अशी एक चिठ्ठी आमच्या बडोद्यातही लिहिली गेली होती. इंदिराराजेंची.”

आजींचं माहेर बडोद्याचं, दांडिया बझारचं. तिथल्या मराठी घरांत गायकवाडांच्या गोष्टी नात्यातल्या माणसांच्या गोष्टींसारख्या सांगतात. आजींच्या आईने त्यांना सांगितलेली, म्हणून त्यांची ही गोष्ट “आई सांगायची” अशीच सुरू होते. मी नंतर तारखा पडताळून घेतल्या.

सयाजीराव गायकवाड, तिसरे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. आपल्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणणारा, १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा करणारा राजा. त्यांच्या दुसऱ्या महाराणी चिमणाबाई. या दोघांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे, जन्म १९ फेब्रुवारी १८९२. आईबापांनी तिला भावांसारखं शिकवलं, परदेश दाखवला. आणि लग्न ठरवलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी.

कागदावर याहून थोर सोयरीक नव्हती. एक कण्हेरखेडचे शिंदे, एक दावडीचे गायकवाड. दोघंही पेशवाईत तलवारीवर उभी राहिलेली मराठा घराणी, दोघंही हिंदुस्थानातल्या पहिल्या फळीचे राजे. पण माधवराव तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते आणि त्यांच्या राणी चिंकूराजे हयात होत्या. मूल नव्हतं, म्हणून दुसरं लग्न. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे: मुलगी सवतीवर देणं. शिवाय ग्वाल्हेरचा जनाना कडक पडद्याचा.

इथे मला चिमणाबाईंपाशी थांबावंसं वाटतं. १९११ साली त्यांचं भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. बायकांनी कोणकोणत्या व्यवसायांत शिरावं, देशोदेशीच्या बायका काय काय करतात, याचा त्यात विचार आहे. पुढे १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षाही याच. आणि याच बाई एकुलत्या एका लेकीला सवतीवर द्यायला निघाल्या होत्या. त्यांना दांभिक म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. पुस्तकात बाई म्हणून विचार करता येतो. घरात मुलीची आई म्हणून उभं राहिलं की तोफांच्या सलाम्या, कुळी, चार लोक, सगळं आडवं येतं. आजही येतं. खारघरच्या कुठल्याही हॉलमध्ये साखरपुड्याला जाऊन बसा आणि दोन्हीकडच्या आयांचे चेहरे बघा.

डिसेंबर १९११. पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाचा दिल्ली दरबार. १२ तारखेला राजे एकेक करून बादशहापुढे मुजरा करत होते. सयाजीराव अंगावर फारसे दागिने न घालता आले, एकदाच वाकले आणि पाठ न दाखवता मागे सरण्याचा रिवाज न पाळता वळून चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं, सयाजीरावांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचं पत्र पाठवावं लागलं. याच दरबाराच्या दिवसांत त्यांची एकोणीस वर्षांची लेक कूचबिहारच्या छावणीत जात-येत होती. कूचबिहारचा धाकटा राजपुत्र जितेंद्र नारायण तिथे होता.

“आणि तिथूनच बाईंनी शिंद्यांना चिठ्ठी धाडली,” आजी म्हणाल्या. “आईला सांगितलं नाही, वडलांना सांगितलं नाही. आपलं आपण लिहिलं, लग्न होणार नाही म्हणून.”

सयाजीरावांना हे कळलं ते ग्वाल्हेरच्या तारेने. राजकन्येने जे लिहिलंय त्याचा अर्थ काय, अशी पृच्छा त्या तारेत होती. दोन्हीकडे लग्नाची तयारी चालली होती. आजींच्या आईच्या सांगण्यात शालूंचं वर्णन फार यायचं. राजवाड्यात आलेल्या शालूंचं पुढे काय झालं, हे मात्र आईलाही माहीत नव्हतं.

माधवराव शिंदे या प्रसंगात सभ्यपणे वागले, हेही नोंदवायला हवं. तक्रार, मानहानीचा दावा असलं काही त्यांनी केलं नाही. अडचण बडोद्याची होती. कूचबिहार बंगालच्या टोकाचं, १३ तोफांचं संस्थान. बडोद्याला सलामी २१ तोफांची. जितेंद्र गादीचा वारस नव्हता, मोठा भाऊ राज्यावर होता. जातीने मराठा नाही. वर घर ब्राह्मो: त्याची आई सुनीतीदेवी ही केशवचंद्र सेनांची मुलगी. या सुनीतीदेवींचं स्वतःचं १८७८ सालचं लग्न इतकं गाजलं की वधूच्या कोवळ्या वयावरून ब्राह्मो समाज दुभंगला आणि साधारण ब्राह्मो समाज वेगळा निघाला. म्हणजे सासूच्या लग्नाने एक समाज मोडला, सुनेच्या लग्नाने एक सोयरीक.

दीड वर्ष ओढाताण चालली. शेवटी आईबापांनी हात टेकले, पण आशीर्वाद द्यायला आले नाहीत. १९१३ साली लंडनमध्ये ब्राह्मो पद्धतीने लग्न झालं. माहेरचं कुणी हजर नव्हतं. त्याच वर्षी सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले होते. परक्याच्या मुलाचं भवितव्य ज्या राजाला इतकं स्वच्छ दिसलं, त्याला आपल्या मुलीच्या लग्नाला उभं राहता आलं नाही. मी सयाजीरावांना फार मानते, म्हणून हे लिहिताना त्रास होतो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत जितेंद्रचा मोठा भाऊ अविवाहित वारला आणि इंदिराराजे महाराणी झाल्या. पाच मुलं झाली. १९२२ साली जितेंद्र गेले, आणि तिशीतल्या इंदिरादेवींनी अज्ञान मुलाच्या वतीने परक्या मुलखातल्या त्या संस्थानाचा कारभार हाती घेतला.

आता पट मांडून बघा. ती चिठ्ठी गेली नसती तर?

माधवरावांनी पुढे गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी लग्न केलं. त्यांना कमलाराजे आणि जिवाजीराव अशी दोन मुलं झाली. दिल्ली दरबाराच्या बादशहावरून मुलाच्या नावात जॉर्ज आणि बादशहाच्या राणीवरून मुलीच्या नावात मेरी घातलं गेलं. जॉर्ज जिवाजीरावांनी १९४१ साली ज्यांच्याशी लग्न केलं, त्या विजयाराजे. १९६७ साली मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं काँग्रेस सरकार ज्यांनी पाडलं, जनसंघ आणि नंतर भाजपच्या पायाभरणीत ज्यांचं नाव येतं, त्याच. त्यांची मुलं माधवराव, वसुंधराराजे, यशोधराराजे; आणि आज बातम्यांत रोज दिसणारा नातू. इंदिराराजे ग्वाल्हेरच्या जनान्यात गेल्या असत्या, तर यांतली एकही व्यक्ती या रूपात नसती. दुसऱ्या बाजूला गायत्रीदेवी नसत्या. १९६२ साली जयपूरमधून स्वतंत्र पक्षातर्फे उभ्या राहून २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मतं त्यांनी घेतली. आणीबाणीत त्यांना तिहारला टाकलं. इंदिराराजेंचीच ही मुलगी. एका मुलीने चिठ्ठी लिहिली आणि भारताच्या राजकारणात समोरासमोर, कधी शेजारी, उभी राहिलेली दोन घराणी त्यातून निघाली. खडकीच्या लढाईला पुस्तकात दोन पानं मिळतात. या चिठ्ठीला एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

याच्या उलट बाजूची एक मुलगीही आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. कुर्गच्या पदच्युत राजाची मुलगी गौरम्मा. १८५२ साली बाप्तिस्म्याच्या वेळी व्हिक्टोरिया स्वतः तिची धर्ममाता झाली. राणीच्या मनात होतं, हिचं लग्न पंजाबच्या दुलीपसिंगाशी व्हावं. दोघंही राज्य गमावलेली, दोघंही ख्रिस्ती झालेली. दुलीपसिंगाने नकार दिला. गौरम्माने एका इंग्रज कर्नलशी लग्न केलं आणि १८६४ साली तेविशीत गेली. त्याच साली दुलीपसिंग आईच्या, जिंदकौर राणीच्या, अंत्यविधीसाठी नाशिकला गोदाकाठी आला होता. परतीच्या वाटेवर अलेक्झांड्रियात त्याने बांबा म्युलरशी लग्न केलं. व्हिक्टोरियाने मनात मांडलेलं ते जोडपं कधीच झालं नाही. गौरम्माला यातलं काय हवं होतं, हे कुणी टिपून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

आजींचा प्रश्न होता, कसं म्हणाली. शार्लटने काय करून पाहिलं ते कळतं, इंदिराराजेंचंही कळतं. दोघींनी तोंडाने सांगितलं नाही, लिहिलं. ज्याच्याशी लग्न ठरलं त्यालाच थेट लिहिलं, मध्ये बापाला येऊ दिलं नाही. राजघराण्यात मुलीचं ‘नाही’ बापाच्या हाती दिलं की ते ‘हो’ होऊनच बाहेर येतं, हे दोघींना ठाऊक असावं. इंग्लंडात तर याचा कायदाच होता. आपले माधवराव थेऊरला गेले त्याच १७७२ साली राजाच्या संमतीशिवाय राजघराण्यातलं लग्न बेकायदा ठरवणारा कायदा तिथे आला आणि १९५५ साली राजकन्या मार्गारेट आणि पीटर टाउनसेंड यांच्या वाटेत जे जे उभं राहिलं, त्यात तो कायदाही होता.

इंदिराराजेंच्या गोष्टीला आजींनी शेवटी एक वळण जोडलं, ते मला माहीत होतं, पण असं कुणी समोर बसून सांगितलं नव्हतं. गायत्रीदेवींचं, घरातलं नाव आयेशा, मन जयपूरच्या मानसिंगांवर बसलं. मानसिंगांना आधीच्या दोन राण्या होत्या. म्हणजे जी आई एका सवतीवर जायला तयार झाली नाही, तिची लेक दोन सवतींवर जायला निघाली, आणि तेही आपणहून, सगळं बघून-सवरून. इंदिरादेवींनी विरोध केला. जयपूरच्या जनान्यातली सर्वांत धाकटी पाती म्हणून काय वाट्याला येईल, ते त्यांनी मुलीला सांगून पाहिलं. थांबायला लावलं, वर्षं जाऊ दिली.

“मग?” मी विचारलं.

आजींनी दोन्ही रुपये पुसून मखमलीच्या डबीत ठेवले. “मग काय. हो म्हणाल्या.”

१९४० च्या मे महिन्यात कूचबिहारच्या राजवाड्यात लग्न झालं. हत्ती सजले, पाहुणे दिवसेंदिवस राहिले. मांडवात वधूची आई उभी होती. अगदी बारीकसारीक व्यवस्था सुद्धा त्यांनी स्वतः लावली होती.